बीड जिल्ह्यातील पर्यायी उपचारपद्धती: नोंदणी आणि पुरावा यांचा मागोवा

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात युनानी वैद्यकाला, म्हणजे ग्रीक आणि अरब परंपरेतून आलेल्या हकिमी उपचारांना, राजाश्रय होता. त्यामुळे वैद्य, हाडवैद्य आणि देवऋषी यांच्याबरोबर हकीमही येथील माणसाच्या परिचयाचे होते. मुंबई प्रांताने १९३८ च्या कायद्याने देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदणी सुरू केली, तेव्हा बीड त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने आयुर्वेद व युनानी व्यावसायिकांसाठी राज्यभर एकच कायदा केला. होमिओपॅथीसाठी वेगळा कायदा होता. व्यवसाय कोणी करावा हे या कायद्यांनी ठरवले. दिलेल्या औषधाचा गुण येतो की नाही, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत नव्हता. १९६४ मध्ये केंद्राच्या औषध कायद्यात आयुर्वेदिक व युनानी औषधांच्या निर्मितीसाठी स्वतंत्र प्रकरण आले, तरी मान्य प्राचीन ग्रंथांत नोंद असलेल्या औषधाला परवाना मिळण्यासाठी रुग्णांवरील नवी चाचणी आवश्यक ठरली नाही.

अशी चाचणी अशक्य होती, असे मात्र नाही, आणि तिचे सर्वांत चांगले दाखले भारतातलेच आहेत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. भगंदरावर क्षारसूत्र, म्हणजे निवडुंगासारख्या वनस्पतीचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांची पुटे दिलेला दोरा, वापरला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनेक केंद्रांवरील चाचणीत त्याची शस्त्रक्रियेशी तुलना झाली, तेव्हा जखम भरायला दोऱ्याने अधिक आठवडे घेतले, पण रोग उलटण्याचे प्रमाण कमी राहिले. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधील चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताचे ४४० रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागले गेले आणि कोणाला काय दिले जात आहे हे रुग्ण व तपासणारे दोघांपासूनही लपवले गेले. वेदना कमी करण्यात आयुर्वेदिक मिश्रणे सेलेकॉक्सिब या आधुनिक वेदनाशामकाच्या तोडीची ठरली, मात्र काही रुग्णांच्या रक्तात यकृतावरील ताण दाखवणारे विकर वाढलेले आढळले. गुण आणि धोका एकाच तपासणीतून उघड होतो, हे या निष्कर्षाचे खरे मोल आहे. होमिओपॅथीला अशा कसोटीत यश आले नाही: ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, तिचा परिणाम विश्वासार्हपणे सिद्ध झालेला एकही आजार नाही, असा निष्कर्ष काढला.

बीडमध्ये उपचाराची निवड बहुधा या पुराव्यावर झाली नाही. ती अंतर, खर्च आणि हंगाम यांवर झाली. दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना फडाजवळ जो भेटेल तोच डॉक्टर असतो, आणि गावातल्या दवाखान्यावर पाटी आयुर्वेदाची असली तरी रुग्णाची अपेक्षा सुईची असते. ही सरमिसळ कायद्यानेही हळूहळू स्वीकारली. १९९२ च्या अधिसूचनेद्वारे राज्याने आयुर्वेदाच्या नोंदणीकृत पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधुनिक औषधे देणाऱ्या मुंबईतील एका होमिओपॅथला निष्काळजी ठरवले. तरीही होमिओपॅथीच्या कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांसाठी तोच मार्ग खुला झाला. डॉक्टरांच्या टंचाईवरचा हा इलाज समजण्याजोगा आहे, परंतु त्यातून मूळ पद्धतीची परीक्षा टळली. सर्पदंशाबाबत मात्र कायदा स्पष्ट बोलला: २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवतो. शेतात राबणाऱ्या जिल्ह्यासाठी ही तरतूद मोलाची आहे.

आधुनिक वैद्यक या तपासणीतून सुटावे, असे कोणी म्हणू नये. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये बीडमधूनच राज्यासमोर आला आणि त्यासाठी शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अनावश्यक उपचाराला पद्धतीचे नाव संरक्षण देत नाही. अंबाजोगाईच्या शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाने जिल्ह्यातील आयुर्वेद व होमिओपॅथी महाविद्यालयांना सोबत घेऊन, मोळ्या वाहून झिजलेल्या गुडघ्यांपासून सुरुवात करत, स्थानिक उपचारांच्या चाचण्या हाती घ्याव्यात आणि त्यांचे निकाल, अनुकूल असोत वा प्रतिकूल, प्रत्येक उपकेंद्रात मराठीत उपलब्ध करून द्यावेत.