जुन्या पिकअपचे इंजिन : आधी निदान, मग सुधारणा

पुण्याच्या कारखान्यातून १९८८ साली आलेल्या टाटामोबाईलसारखी जुनी डिझेल पिकअप भाजी नेताना दम टाकू लागली, की काळेवाडीचा मालक मोठ्या इंजिनाचा विचार करू लागतो. तत्पूर्वी धूर पाहावा. धूर काळा असल्यास एअर फिल्टर व नोझल तपासावे. निळा असल्यास ऑईल जळते. रिंगा झिजल्या असण्याचा संभव असतो. थंड इंजिन पांढरा धूर सोडून कष्टाने सुरू होत असल्यास हीटर प्लग व कॉम्प्रेशन पाहावे. मोठ्या इंजिनाचा भार जुन्या क्लच-गिअरबॉक्सवर पडतो. बदल अटळच ठरल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी. फिल्टरच्या दोषापायी हंगामाची कमाई इंजिनात घालू नये.