दुधाची कसोटी आणि विस्कॉन्सिनचें विद्यापीठ

आपल्या दूधसंस्थांत दुधाचा भाव फॅटवर, म्हणजे स्निग्धांशावर ठरतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. ही रीत कोणाच्या अडचणींतून निघाली, तें मात्र जाणण्यासारखें आहे.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत पूर्वी गव्हाचें पीक मुख्य असे. वर्षानुवर्षें तेंच पीक घेऊन जमिनीचा कस गेला, किडीचा उपद्रव वाढला, आणि लोक गाईंकडे वळले. १८७२ सालीं तेथील दूधउत्पादकांनीं आपला संघ स्थापिला. पुढें १८८५ सालापासून सरकारी खर्चानें गांवोगांव शेतकरी-मेळावे भरूं लागले. त्यांत विद्यापीठाचे अध्यापक आणि अनुभवी शेतकरी एकाच व्यासपीठावरून बोलत.

त्या काळीं लोण्याच्या कारखान्यांत दूध नुसत्या वजनावर घेत. पाणी घालणारा, साय काढून आणणारा आणि सकस दूध आणणारा, तिघांसही एकच भाव! चांगली गाय पाळणें हा तोट्याचा धंदा ठरूं लागला. रसायनशाळेंतील परीक्षण महाग व वेळखाऊ. कारखान्यांत रोज तें कोण करणार? विद्यापीठाच्या प्रयोगकेंद्रांत १८८८ सालीं आलेले रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनीं हा प्रश्न हातीं घेतला, आणि १८९० सालीं उत्तर प्रसिद्ध केलें.

कृति सोपी आहे. लांब मानेच्या बाटलींत १७.६ घनसेंटिमीटर दूध घेऊन त्यांत जवळजवळ तितकेंच गंधकाचें तेजाब घालावयाचें. स्निग्धांशाखेरीज बाकीचे घन पदार्थ त्यांत विरघळतात. मग बाटली यंत्रांत वेगानें फिरवून गरम पाणी घातलें कीं स्निग्धांश मानेंत चढतो, आणि तेथील खुणांवर शेंकडा प्रमाण वाचतां येतें. कारखान्यांतील सामान्य नोकरासही हें साधे. बॅबकॉक यांनीं त्याचें पेटंट घेतलें नाहीं. विद्यापीठाच्या हिवाळी वर्गांत शेतकऱ्यांचे मुलगे दुग्धव्यवसाय शिकत; तेथूनही ही कसोटी गांवीं गेली. ज्यांच्या दुधाचा विहिरीशीं विशेष घरोबा होता, त्यांस ती रुचली नसावी!

आमच्या मतें येथें बाटलीपेक्षां अडचणीचें महत्त्व अधिक. ती शेतकऱ्यांच्या व्यवहारांतली होती, आणि विद्वानांनीं ती आपल्या योग्यतेची मानली. आपल्याकडे राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (१९७२) येथील कृषि विद्यापीठें अमेरिकेच्या त्याच नमुन्यावर निघालीं. मेळावेही भरतात; परंतु भाषणें लांबतात आणि प्रश्नांस शेवटचीं दहा मिनिटें उरतात. सभासदांनीं पुढील मेळाव्यास जातांना आपली अडचण, शेताचा गट, पिकाचा वाण व खतांच्या तारखांसह लिहून न्यावी, आणि भाषणांपूर्वींच अध्यापकांच्या हातीं द्यावी.