उपास सोडतेस कधी?

वर्ध्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात समुपदेशक ताईंसोबत बसले होते. टेबलावर खाण्याच्या विकारांची शंका तपासणारी ‘स्कॉफ’ प्रश्नावली होती. ब्रिटनमध्ये १९९९ साली आलेली, पाचच प्रश्नांची: मुद्दाम उलटी काढतेस का? खाण्यावरचा ताबा सुटतो अशी धास्ती वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं का? लोक बारीक म्हणत असताना तू स्वतःला जाड समजतेस का? सारं आयुष्य अन्नाभोवती फिरतं का? दोन ‘हो’ आले की पुढची तपासणी.

पण पाचही ‘नाही’ आले तरी ताईंचं समाधान होत नाही. कागद बाजूला सारून त्या विचारतात, “उपास कोणते करतेस?” सोमवार, चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र. घरी याचं कौतुकच असतं. खरा प्रश्न त्यानंतरचा: “सोडतेस कधी? आणि काय खाऊन?” श्रद्धेने उपास धरलेली मुलगी तो सुटला की पोटभर जेवते. आजारात अडकलेलीला त्याच ताटाची भीती वाटते. तिचं डोकं दुखायला लागतं, किंवा जेवून लगेच ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते.

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. १९९५ मध्ये भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी पाच तरुणींबद्दल लिहिलं होतं. त्या खात नव्हत्या, वजन घटलं होतं, पाळी थांबली होती. मात्र आपण जाड आहोत असं त्यांना वाटत नव्हतं. अशी मुलगी छापील प्रश्नांतून सहज निसटते.

मेसच्या काकूंच्या नजरेतून मात्र ती निसटत नाही. “ह्या पोरीचा उपास सुटतच नाही वो मॅडम,” एवढं त्यांनी सांगितलं की ताई त्या मुलीला एकटीला भेटतात. काकूंना त्यांनी बजावलंय: ताटावरून टोकायचं नाही. ‘किती वाळलीस’ म्हणायचं नाही, आणि बरी होत असलेलीला ‘आता भरलीस’ तर मुळीच नाही. वजन घेताना मुलगी काट्याकडे पाठ करून उभी राहते. ताई आकडा लिहून घेतात, वाचून दाखवत नाहीत.

चक्कर, मंद नाडी, रोजच्या उलट्या दिसल्या तर बोलणं पुरत नाही. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हृदयाची लय बिघडू शकते. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं रुग्णालय, दोन्ही शहराजवळ आहेत, हा इथल्या मुलींना मोठाच आधार. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मेसच्या भिंतीवर लावलेला आहे.

घरच्यांना वाटतं, चार दिवस दाबून खाऊ घातलं की पोरगी सुधारेल. तेच धोक्याचं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून रुग्णालयात रक्त तपासत तपासत आहार वाढवतात. मुलीची तयारी असेल तर ताई आईबरोबर आजीलाही बोलावून घेतात. आजारी माणसाला उपास माफ असतो, हे आजीने सांगितलं की घरात कुणी वाद घालत नाही.