मानवी आतड्यातील विकर, कीटकपेशी आणि 'मधुमेहस्नेही' धान्याची पारख

अमुक तांदूळ, भरडधान्य किंवा वनस्पती मधुमेहींना उपयुक्त आहे, असे सांगणारी वेष्टने आणि माहितीपत्रके आता गावपातळीपर्यंत पोहोचली आहेत. अशा दाव्यांवर विसंबून शेतकरी पीक वा वाण निवडतो आणि ग्राहक चढा भाव मोजतो. म्हणूनच हे दावे कोणत्या कसोटीवर तपासले जातात, हे विस्तार कार्यकर्त्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

पिष्टाच्या पचनाचा अखेरचा टप्पा

लाळेतील व स्वादुपिंडातील अमायलेज पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते. अखेरचा टप्पा मात्र लहान आतड्याच्या अस्तरावर पार पडतो. तेथील माल्टेज-ग्लुकोअमायलेज आणि सुक्रेज-आयसोमाल्टेज ही विकरे, म्हणजेच एन्झाइम, उरलेल्या तुकड्यांतून ग्लुकोज मोकळे करतात. ही क्रिया मंदावली की जेवणानंतर रक्तातील साखर सावकाश वाढते. अकार्बोज हे मधुमेहावरील औषध याच तत्त्वावर कार्य करते.

नाव एक, स्वभाव भिन्न

वनस्पतींच्या अर्कांची प्राथमिक चाचणी पुष्कळदा यीस्टपासून मिळवलेल्या अल्फा-ग्लुकोसिडेजवर होते, कारण ते स्वस्त आणि सहज उपलब्ध असते. परंतु यीस्टचे आणि मानवी आतड्यातील विकर एकाच कुळातील नाहीत. मानवी विकराला प्रभावीपणे रोखणारे अकार्बोज यीस्टच्या विकरापुढे दुबळे पडते. परिणामी अशा चाचणीत एखादा अर्क 'औषधापेक्षा सरस' भासतो. मानवी आतड्यात तसे घडेलच असे नाही.

तुती उत्पादकांना परिचित असलेले उदाहरण येथे बोलके ठरेल. तुतीच्या चिकात शर्करेशी साधर्म्य असलेली, पचनविकरांना अडवणारी अल्कलॉइड द्रव्ये असतात. एरी रेशीम अळीला ती घातक ठरतात. तुतीवरील रेशीम अळीजवळ मात्र त्यांना दाद न देणारे, साखर पचवणारे विकर आहे. म्हणजेच एका जीवाच्या विकरावरून दुसऱ्याच्या पचनाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

कीटकपेशींतून मानवी विकर

ही अडचण पुनर्संयोजित विकराने दूर होते. मानवी जनुकाचा आवश्यक भाग संवर्धित पेशींमध्ये घालून त्यांच्याकडून ते विकर तयार करवून घेतले जाते. २००८ मध्ये माल्टेज-ग्लुकोअमायलेजच्या एका घटकाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. त्यासाठीचे मानवी विकर ड्रोसोफिलाच्या पेशींत तयार केले होते. ड्रोसोफिला म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी चिमुकली माशी. आंब्याचे नुकसान करणारी फळमाशी वेगळी. मानवी प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. नेहमीच्या वापरातील जिवाणूंना हे काम साधत नाही, कीटकपेशींना बऱ्याच अंशी साधते. असे विकर शुद्ध स्वरूपात मिळते आणि त्याच्या प्रत्येक घटकाची स्वतंत्र चाचणी घेता येते.

चेन्नईतील अंतिम कसोटी

तथापि परीक्षानळीत ना जठर असते, ना शिजलेल्या भाताचा पोत. त्यामुळे धान्याचा ग्लायसेमिक निर्देशांक माणसांवरच मोजावा लागतो. प्रमाणित पद्धतीत किमान दहा निरोगी व्यक्तींना साधारणतः ५० ग्रॅम उपलब्ध कर्बोदके असलेले अन्न देऊन दोन तास रक्तातील साखर तपासली जाते. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने तंतुमय घटक अधिक असलेल्या पांढऱ्या तांदळाची अशीच पारख केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या तांदळात सुमारे ८ टक्के तंतुमय घटक आढळले, तर तुलनेच्या तांदळात ते २ टक्क्यांहून कमी होते. ग्लायसेमिक निर्देशांक अनुक्रमे सुमारे ६१ व ७९ आला. म्हणजे तांदूळ 'उच्च' गटातून 'मध्यम' गटात आला. 'निम्न' गटात नव्हे. ताटातील भाताचे प्रमाण राखण्याची गरज त्यामुळे संपत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

दावा समोर आल्यास तीन प्रश्न विचारावेत. चाचणी यीस्टच्या विकरावर झाली की मानवी? पदार्थ शिजवून, खाण्याच्या प्रमाणात माणसांवर तपासला का? तपासलेले वाण आणि विकले जाणारे वाण, तसेच पॉलिशचे प्रमाण, एकच आहे का? या तिन्हींची लेखी उत्तरे मिळेपर्यंत शेतकऱ्याने केवळ अशा दाव्यापोटी बियाण्यासाठी जादा पैसे मोजू नयेत आणि मधुमेही व्यक्तीने वैद्यकीय सल्ल्याविना औषध बंद करू नये.