उज्जैनच्या यात्रेत लघवी तुंबली, तर मूत्ररोगतज्ज्ञ शोधायचा कुठे?

ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’ भाविकांसाठी खुले झाल्यापासून उज्जैनला जाणाऱ्यांची रीघ वाढली आहे. गोमंतकीयांना हे क्षेत्र परके नाही. महाकालेश्वराच्या मंदिराचा अठराव्या शतकातील जीर्णोद्धार राणोजी शिंदे यांचे सारस्वत दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला. आता २०२८ चा सिंहस्थ जवळ येत असून यात्रेकरूंमध्ये ज्येष्ठांची संख्या मोठी असेल. या वयातील एका दुखण्याविषयी मात्र घरातही उघडपणे बोलले जात नाही.

दर्शनाच्या रांगेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने अनेक वृद्ध पाणी पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात. पौरुष ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, आधीच वाढलेली असल्यास त्यात बद्धकोष्ठतेची किंवा सर्दीवरच्या काही गोळ्यांची भर पडते आणि लघवी अचानक पूर्ण अडते. ओटीपोट फुगते, वेदना असह्य होतात. परमुलखात घाबरलेले नातेवाईक तेव्हा मूत्ररोगतज्ज्ञाचा शोध सुरू करतात आणि त्यातच मोलाचे तास जातात.

पहिल्या तासात तज्ज्ञाची गरज नसते

अडलेली लघवी मोकळी करण्यासाठी कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात घालायची नळी, लागते. ती घालण्याचे काम आकस्मिक विभागातील प्रशिक्षित डॉक्टर करू शकतात. त्यामुळे तज्ज्ञाचा पत्ता शोधत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी किंवा जवळचे जिल्हा रुग्णालय गाठावे. शहरात आर. डी. गार्डी हे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर ते आधीच सांगावे. नळी सहज जात नसेल, तर जबरदस्ती न करता रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवणे हेच योग्य ठरते. लघवी मोकळी झाल्यावर रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडावर ताण आला होता का, हे त्यातून कळते.

तज्ज्ञ कोणता?

मूत्ररोगतज्ज्ञ म्हणजे युरोलॉजिस्ट हा शल्यचिकित्सक असतो. मुतखडा, प्रोस्टेट, मूत्रमार्गातील अडथळा ही त्याची क्षेत्रे. नेफ्रॉलॉजिस्ट मूत्रपिंडाच्या विकारांवर औषधोपचार करतो आणि डायलिसिस पाहतो. लहान शहरात दोघांनाही ‘किडनीचे डॉक्टर’ म्हटले जात असल्याने गफलत होते. एमबीबीएसनंतर शल्यचिकित्सेतील एमएस आणि त्यापुढे एमसीएच किंवा डीआरएनबी युरोलॉजी, असे साधारणपणे मूत्ररोगतज्ज्ञाचे शिक्षण असते. फलकावर ही पदवी पाहावी. शंका आल्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत डॉक्टरांचे नाव तपासता येते.

बाहेरगावचे तज्ज्ञ

२०११ च्या जनगणनेनुसार उज्जैनची लोकसंख्या सुमारे सव्वापाच लाख होती. एवढ्या आकाराच्या शहरांत काही तज्ज्ञ मोठ्या शहरांतून ठरावीक वारी येतात, तपासतात, शस्त्रक्रिया करतात आणि परततात. ही व्यवस्था उपयुक्त असली, तरी रुग्णाने आधीच एक प्रश्न विचारायला हवा: रात्री रक्तस्राव झाला किंवा ताप चढला, तर कोण पाहणार? त्याचे स्पष्ट उत्तर मिळत नसेल, तर सुमारे ५५ किलोमीटरवरचे इंदूर गाठलेले बरे. तेथे महाराजा यशवंतराव रुग्णालय आणि अनेक खासगी रुग्णालये आहेत. निघण्यापूर्वी मात्र मूत्ररोगतज्ज्ञ त्या वेळी उपलब्ध आहेत का, हे दूरध्वनीवरून विचारावे. आयुष्मान भारत कार्ड असल्यास ते रुग्णालय आणि तो उपचार योजनेत आहे का, हेही तेव्हाच विचारावे.

घरी परतावे की थांबावे?

लघवी मोकळी झाली, ताप नाही आणि रक्ततपासणी ठीक आहे, अशा रुग्णाला डॉक्टरांच्या संमतीने नळीसह प्रवास करता येतो. पुढचे उपचार घराजवळ घेतलेले सोयीचे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मूत्ररोग विभाग आहे. प्रोस्टेट वाढली म्हणून परगावी घाईने शस्त्रक्रिया करण्याची गरज सहसा नसते. अनेकांना औषधे सुरू करून काही दिवसांनी नळी काढता येते.

तीन प्रसंगी मात्र परतीच्या गाडीची वाट पाहू नये. मुतखड्याच्या कळांबरोबर थंडी वाजून ताप येणे हे अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते. मुलाच्या किंवा तरुणाच्या अंडकोशात अचानक तीव्र वेदना झाल्यास सुमारे सहा तासांच्या आत उपचार व्हावे लागतात. हे काम सामान्य शल्यचिकित्सकही करू शकतो. नळीतून गाठींसह रक्त येऊन ती तुंबल्यास पुन्हा रुग्णालय गाठावे. वेदनेविना लघवीतून एकदाच रक्त गेले आणि थांबले, तरी परतल्यावर तपासणी टाळू नये. ते कर्करोगाचे पहिले चिन्ह असू शकते.

निघण्यापूर्वी

लघवीची धार बारीक झाली असेल किंवा रात्री वारंवार उठावे लागत असेल, तर यात्रेची तिकिटे काढण्याआधीच डॉक्टरांना दाखवावे. औषधांची यादी, जुने अहवाल आणि नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक सोबत ठेवावा. सर्दीची गोळी विचारल्याविना घेऊ नये. वडीलधारे संकोचाने बोलत नाहीत. म्हणून विचारण्याचे काम घरातल्या तरुणांनीच करायला हवे.