परदेशातील इंग्रजी अध्यापन आणि नियोक्त्याची निवड : जपानच्या विशेष संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : इंग्रजी अध्यापन, नियोक्ता, करारपत्र, सामाजिक विमा, निवासाचा दर्जा

प्रस्तावना

जागतिकीकरणाच्या प्रक्रियेत इंग्रजी भाषेला जे आर्थिक मूल्य प्राप्त झाले, त्यातून इंग्रजीचे अध्यापन हा आंतरराष्ट्रीय रोजगाराचा एक स्वतंत्र मार्ग बनला. जपान, दक्षिण कोरिया, चीन आदी आशियाई देशांनी परदेशी शिक्षकांना मोठ्या प्रमाणावर सामावून घेतले. अशी नोकरी शोधणारा उमेदवार बहुधा देश, शहर, वेतन आणि संस्थेचे नाव या क्रमाने विचार करतो. करारपत्रावर नियोक्ता म्हणून सही कोणाची आहे, हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी येतो, किंवा येतच नाही. वस्तुतः परदेशात गेलेल्या शिक्षकाचे वेतन, घर, आरोग्य विमा आणि त्या देशात राहण्याचा आधार या चारही गोष्टी कमी-अधिक प्रमाणात नियोक्त्याशी जोडलेल्या असतात. म्हणून नियोक्त्याची निवड करताना ‘तो किती देतो’ याबरोबरच ‘तो अडचणीत आला तर शिक्षकाच्या हाती काय उरते’ हाही निकष तितकाच महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात जपानच्या उदाहरणाच्या आधारे या निकषाचे विवेचन केले आहे.

नियोक्त्यांचे तीन प्रकार

जपानमधील परदेशी इंग्रजी शिक्षकांचे नियोक्ते स्थूलमानाने तीन प्रकारांत विभागता येतात.

पहिला प्रकार शासकीय स्वरूपाचा आहे. १९८७ साली सुरू झालेल्या ‘जेट’ कार्यक्रमात पहिल्या वर्षी चार देशांतील ८४८ जण सहभागी झाले होते. हा कार्यक्रम जपानची तीन मंत्रालये व ‘क्लेअर’ ही स्थानिक शासनसंस्थांची परिषद यांच्या सहकार्याने चालतो. निवड केंद्रीय पद्धतीने होत असली, तरी प्रत्यक्ष करार प्रांतिक शासन, नगरपालिका किंवा शिक्षण मंडळ यांच्याशी होतो. करार एक वर्षाचा असून कमाल पाच वर्षांपर्यंत त्याचे नूतनीकरण होऊ शकते. काही शिक्षण मंडळे या कार्यक्रमाबाहेरही शिक्षकांची थेट नेमणूक करतात.

दुसरा प्रकार मनुष्यबळ पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांचा आहे. शिक्षण मंडळ कंपनीला कंत्राट देते आणि कंपनी शाळेत शिक्षक पाठवते. २०११ पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत परदेशी भाषेचे उपक्रम सक्तीचे झाले. २०२० पासून त्या इयत्तांत इंग्रजी हा औपचारिक विषय झाला व उपक्रम तिसरी-चौथीपर्यंत खाली आले. त्यामुळे सहायक भाषा शिक्षकांची गरज प्राथमिक स्तरावरही निर्माण झाली.

तिसरा प्रकार ‘एइकाइवा’ म्हणजे इंग्रजी संभाषणाचे खासगी वर्ग चालवणाऱ्या संस्थांचा आहे. येथे विद्यार्थी हा ग्राहक असतो, आणि वर्ग बहुधा संध्याकाळी व सुटीच्या दिवशी भरतात.

या तिन्ही प्रकारांत वर्गातील काम वरवर सारखेच दिसते. परंतु पहिल्या प्रकारात नियोक्ता सार्वजनिक संस्था असते, दुसऱ्यात शाळा आणि शिक्षक यांच्यामध्ये तिसरा पक्ष असतो, तर तिसऱ्यात नियोक्त्याचे अस्तित्व ग्राहकांनी भरलेल्या शुल्कावर अवलंबून असते. जोखमीचे स्वरूप या फरकातून निश्चित होते.

वर्गात अधिकार कोणाचा?

पुरवठादार कंपनीमार्फत काम करणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत कंत्राटाचे दोन प्रकार संभवतात. ‘हाकेन’ या प्रकारात कामगार दुसऱ्या संस्थेकडे पाठवला जातो आणि त्याला कामाविषयी सूचना देण्याचा अधिकार त्या संस्थेला असतो. ‘ग्योमु इताकु’ या प्रकारात मात्र संपूर्ण काम कंपनीकडे सोपवलेले असते, त्यामुळे सूचना केवळ कंपनीनेच द्यायच्या असतात. सहायक भाषा शिक्षकाचे काम मुळातच जपानी वर्गशिक्षकाच्या जोडीने करायचे असते. दुसऱ्या प्रकारात वर्गशिक्षकाने त्याला ‘हा उतारा पुन्हा वाचा’ असे थेट सांगणेही कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे ठरते. या विसंगतीकडे जपानच्या शिक्षण मंत्रालयाने २००९ साली स्थानिक शिक्षण मंडळांचे लक्ष वेधले होते.

उमेदवाराच्या दृष्टीने याचा अर्थ व्यवहार्य आहे. आजारपणात रजा कोणाकडे मागायची, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, पाठाची आखणी कोणाच्या संमतीने बदलायची, या प्रश्नांची उत्तरे कंत्राटाच्या प्रकारावर अवलंबून असतात. शिवाय शिक्षण मंडळाने पुढील वर्षी कंत्राट दुसऱ्या कंपनीला दिले, तर मुख्याध्यापक कितीही समाधानी असले तरी शिक्षकाची त्या शाळेतील जागा टिकेलच असे नाही.

तासांचे व वेतनाचे गणित

जपानमधील अनेक अध्यापन करारांत आठवड्याचे काम २९.५ तास असे नमूद केलेले आढळत आले आहे. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या तीन-चतुर्थांश तास काम करणाऱ्याला ‘शाकाई होकेन’ या सामाजिक विम्यात, म्हणजे आरोग्य विमा व निवृत्तिवेतन योजनेत, सामील करून घेणे नियोक्त्यावर बंधनकारक असते. चाळीस तासांच्या आठवड्यात ही सीमा ३० तासांची होते. अर्धा तास कमी दाखवला की नियोक्त्याचा निम्मा हप्ता वाचतो. शिक्षकाला मात्र नगरपालिकेचा आरोग्य विमा आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना यांचे हप्ते स्वतः भरावे लागतात.

पुढे ही पळवाट क्रमाक्रमाने अरुंद झाली. आठवड्याला २० तास काम करणाऱ्यांनाही काही अटींवर या विम्यात घेण्याची तरतूद ऑक्टोबर २०१६ मध्ये ५०० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, ऑक्टोबर २०२२ मध्ये १०० हून अधिक, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये ५० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू झाली. म्हणजे कंपनी किती मोठी आहे, हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा राहिलेला नाही.

तास कसे मोजले जातात, हेही पाहणे आवश्यक आहे. काही करारांत केवळ प्रत्यक्ष तासिकांची बेरीज केली जाते, दोन तासिकांमधील वेळ व तयारीचा वेळ वगळला जातो. कर्मचारी नियोक्त्याच्या आज्ञेखाली असतो तो काळ हा कामाचाच काळ होय, असे तत्त्व जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले. त्यामुळे शाळेत थांबण्याचे बंधन असेल, तर तो वेळ करारात कसा धरला आहे, हे विचारण्याचा उमेदवाराला पूर्ण अधिकार आहे.

वेतनाच्या बाबतीतही मासिक आकडा दिशाभूल करू शकतो. उदाहरणादाखल, एक नियोक्ता बारा महिने दरमहा २,४०,००० येन देतो असे मानू. दुसरा दरमहा २,५०,००० येन देतो, परंतु सुट्ट्यांच्या तीन महिन्यांत केवळ १,५०,००० येन देतो. पहिल्याचे वार्षिक वेतन २८,८०,००० येन होते, दुसऱ्याचे २७,००,००० येन. जाहिरातीत मात्र दुसऱ्याचाच आकडा मोठा दिसतो. म्हणून तुलना नेहमी वार्षिक रकमेची, आणि तीही घरभाडे, विमा व प्रवासखर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेची करावी.

२००७ मधील नोव्हा प्रकरण

नियोक्त्याच्या नावलौकिकावर विसंबण्याची मर्यादा नोव्हा या संस्थेच्या पतनाने स्पष्ट झाली. १९८१ साली ओसाका येथे सुरू झालेली नोव्हा ही पुढे जपानमधील सर्वांत मोठी एइकाइवा संस्था बनली. विद्यार्थ्यांकडून दीर्घ मुदतीचे शुल्क आगाऊ घेणे हा तिच्या विस्ताराचा आधार होता. मधूनच वर्ग सोडणाऱ्या विद्यार्थ्यांना पैसे परत करण्याची तिची पद्धत एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवली. जूनमध्ये अर्थव्यवस्था, व्यापार व उद्योग मंत्रालयाने तिच्यावर सहा महिन्यांसाठी दीर्घ मुदतीचे नवे करार करण्यास बंदी घातली. आगाऊ शुल्काचा ओघ आटताच वेतन थकू लागले, आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी संस्थेने न्यायालयीन संरक्षणासाठी अर्ज केला. त्या वेळी तिच्याकडे सुमारे ४,००० परदेशी शिक्षक होते.

या घटनेतील सर्वांत बोधप्रद भाग निवासाचा आहे. अनेक शिक्षक कंपनीने भाड्याने घेतलेल्या घरांत राहत होते. भाडे त्यांच्या वेतनातून कापले जात होते, परंतु घरमालकांपर्यंत ते पोहोचत नव्हते. परिणामी ज्या शिक्षकांना दोन-दोन महिने वेतन मिळाले नव्हते, त्यांनाच घर सोडण्याच्या नोटिसा आल्या. २०१० च्या एप्रिलमध्ये जिओस ही दुसरी मोठी संस्थाही दिवाळखोरीत गेली. यावरून ‘मोठी संस्था म्हणजे सुरक्षित संस्था’ हे समीकरण टिकत नाही, असे दिसते.

अशा प्रसंगी जपानी कायदा काही आधार देतो. १९७६ च्या कायद्यानुसार दिवाळखोर नियोक्त्याकडील थकीत वेतनाचा ८० टक्के भाग, ठरावीक मर्यादेपर्यंत, शासकीय योजनेतून मिळू शकतो. आठवड्याला २० तासांहून अधिक काम असल्यास बेरोजगारी विमाही लागू होतो. मात्र नियोक्त्याने त्याची नोंदणी प्रत्यक्षात केली आहे किंवा नाही, याची खातरजमा नोकरी चालू असतानाच करणे हिताचे असते.

करारपत्राचे वाचन

जपानचा श्रम मानक कायदा राष्ट्रीयत्वाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई करतो. त्यातील काही कलमे उमेदवाराने जाणून घ्यावीत अशी आहेत. कलम १५ नुसार वेतन, तास व इतर अटी स्पष्टपणे कळवणे नियोक्त्यावर बंधनकारक आहे. कलम १६ नुसार करारभंगासाठी आधीच दंडाची रक्कम ठरवता येत नाही. त्यामुळे ‘मधून नोकरी सोडल्यास अमुक येन भरावे लागतील’ असे कलम दिसले, तर तो त्या नियोक्त्याविषयीचा इशाराच समजावा. कलम २० मध्ये बडतर्फीपूर्वी ३० दिवसांची सूचना किंवा तितक्या दिवसांचे वेतन देण्याची तरतूद आहे. कलम ३९ नुसार सहा महिन्यांच्या नोकरीनंतर, ८० टक्के उपस्थिती असल्यास, पूर्णवेळ कर्मचाऱ्याला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळते.

निवासाचा दर्जा हा आणखी एक महत्त्वाचा मुद्दा होय. जपानमध्ये इंग्रजी शिक्षकाचा दर्जा नोकरी संपताच आपोआप रद्द होत नाही. नोकरी सुटल्यापासून १४ दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवावे लागते, आणि सबळ कारणाशिवाय तीन महिने त्या क्षेत्रात काम न केल्यास दर्जा काढून घेतला जाऊ शकतो. दक्षिण कोरियात याउलट ई-२ व्हिसा नियोक्त्याशी अधिक घट्ट बांधलेला असतो, आणि कराराच्या मध्यावर नोकरी बदलण्यासाठी आधीच्या नियोक्त्याचे संमतिपत्र लागते. साहजिकच कोरियात नियोक्त्याच्या निवडीतील चूक सुधारणे अधिक कठीण जाते.

भारतीय उमेदवारांच्या दृष्टीने

महाराष्ट्रातील इंग्रजीच्या पदवीधरांनी या क्षेत्राकडे पाहताना काही गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे. जपानी शाळांत सहायक भाषा शिक्षक म्हणून काम करण्यासाठी जो निवासाचा दर्जा लागतो, त्यासाठी पदवीबरोबरच किमान बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले असणे अपेक्षित आहे. मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजी विषयात बी.ए., एम.ए. केलेल्या विद्यार्थ्याची ही अट, त्याचे भाषेवर कितीही प्रभुत्व असले तरी, पूर्ण होत नाही. ही बाब न सांगता शुल्क घेणारा मध्यस्थ पहिल्याच पायरीवर उमेदवाराची फसवणूक करीत असतो.

दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषणाच्या अध्यापनाचा व्हिसा सर्वसाधारणपणे सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांपुरता मर्यादित आहे. तथापि १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे अध्यापनाची अर्हता असलेल्या भारतीयांना शाळांतील सहायक शिक्षकपदाचा मार्ग खुला झाला. खासगी शिकवणी वर्गातील नोकरी या मार्गात बसत नाही. ‘आधी या, व्हिसाचे पुढे पाहू’ असे सांगणाऱ्यापासून म्हणूनच दूर राहावे.

भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि ती नोंदणी शासनाच्या ई-मायग्रेट प्रणालीवर पडताळता येते. तसेच भारत व जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झाला असून, त्यान्वये दोन्ही देशांतील निवृत्तिवेतनाचे वर्गणीकाळ एकत्र धरता येतात. जपान सोडताना वर्गणीची एकरकमी परतफेड घेतल्यास मात्र तेथील तो काळ गणनेतून बाद होतो. हा निर्णय घाईने घेण्यासारखा नाही. अर्थात, नियोक्त्याने मुळात सामाजिक विम्यात नोंद केली असेल, तरच हा लाभ पूर्णांशाने पदरात पडतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, परदेशातील अध्यापनाची संधी स्वीकारण्यापूर्वी उमेदवाराने चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवावीत. करारावर नियोक्ता कोण आहे? कामाचे तास कसे मोजले जातात आणि सामाजिक विम्यात नोंद होणार आहे काय? घराचा भाडेकरार कोणाच्या नावावर असेल? नोकरी सुटल्यास निवासाच्या दर्जाचे काय होईल? चांगल्या नियोक्त्याला या प्रश्नांचे वावडे नसते, आणि लेखी उत्तर देण्याची टाळाटाळ हेही एक उत्तरच असते. वेतन, घर आणि निवासाचा हक्क या तीन गोष्टी शक्य तितक्या वेगवेगळ्या ठेवणे, ही सर्वांत साधी खबरदारी होय. २००७ साली जपानमधील हजारो शिक्षकांवर जे संकट ओढवले, त्यात वेतन बुडाले हा एक भाग होता. वेतन देणारा आणि घर देणारा एकच होता, हा दुसरा. शिक्षकाच्या स्वतःच्या दक्षतेने टाळता येण्याजोगा भाग तो दुसराच होय.