यंत्राने बदललेला शेवट कुणाचा?

या प्रश्नासाठी आधी अमेरिकेतले खटले उघडायची गरज नाही, आपल्या अंधेरीतलंच उदाहरण पुरेल. इथे कार्यालय असलेल्या इरॉस इंटरनॅशनलने २०१३ च्या ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती, ‘अंबिकापती’, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा प्रदर्शित केली, पण कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून. मूळ चित्रपटात नायक मरतो, नव्यात तो रुग्णालयात डोळे उघडतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष, दोघांनीही जाहीर विरोध केला. कंपनीचं म्हणणं एवढंच, की हक्क आमचे आहेत.

ऐकायला उद्धट वाटतं, पण कायद्यात कंपनीची बाजू बरीच भक्कम आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. ज्याने पुढाकार घेतला, जबाबदारी उचलली, तो. दिग्दर्शक नव्हे! कृतीची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला धक्का लागला तर दाद मागायचा कलम ५७ चा हक्कही कर्त्यालाच. म्हणजे दिग्दर्शकाच्या हाती तिथे फारसं काही लागत नाही. पटकथालेखकाचं तसं नाही. पटकथा ही स्वतंत्र कृती, आणि हक्क विकल्यावरही त्याचा हा अधिकार उरतो.

आणि नट? २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३८ बी बघा. आपल्या सादरीकरणात प्रतिष्ठेला बाधक बदल केला तर कलाकार हरकत घेऊ शकतो. संपादनात नुसती कात्री लागली तर मात्र नाही. आता इथे कापलेलं नाही, नटाने कधी केलाच नव्हता तो अभिनय जोडलाय. आमच्या मते वादाचा खरा गाभा हा आहे, मालकीचा नव्हे.

चित्र, गाणं, मजकूर यांना वेगळा नियम. १९९४ च्या दुरुस्तीनुसार संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती ‘घडवून आणणारी व्यक्ती’. पण घडवून कोण आणतं? सूचना टाइप करणारा, यंत्र बनवणारी कंपनी, की पैसे मोजणारं गिऱ्हाईक? कायदा बोलत नाही. यंत्र ही व्यक्ती आहे का, यावर तर आपलं कॉपीराइट कार्यालयच अडखळलं. २०२० मध्ये ‘सूर्यास्त’ या चित्राला ‘राघव’ नावाच्या प्रणालीसह सहकर्ता म्हणून नोंदणी दिली, आणि मग ती मागे घेण्याची नोटीस काढली.

तेव्हा अंधेरी-मालाडच्या लेखकांनी आपले जुने करार काढून बघावेत. २०१२ पासून कलम १८ सांगतं, की करारावेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेलं माध्यम वा वापराचा प्रकार, करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय हस्तांतरित होत नाही. यंत्राकडून नवा शेवट रचून घेणं हा असा ‘नवा प्रकार’ ठरतो का, यावर कुणीतरी पटकथालेखकाने उच्च न्यायालयात नेट लावून युक्तिवाद करायला हवा.